कणगीतला उजेड

परवा सकाळी आमचे प्रोफेसर बांधावर उभे होते आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. नव्वदीकडे निघालेला माणूस काठीवर दोन्ही हात ठेवून, तोंड अर्धं उघडं टाकून असा थिजलेला दिसला की बायको चप्पल शोधत बसत नाही. मी चहाचा कप ओट्यावर ठेवून अनवाणी धावले. जाऊन पाहते तर माणूस ठीक होता. भात बिघडलं होतं.

कार्तिक लागलाय. आमचा आंबेमोहर बांधापासून थेट खाली धरणाच्या पाण्यापर्यंत पिवळा झालाय, लोंब्या वाकल्यात, आणि ऊन चढायला लागलं की सगळ्या शिवाराला भात शिजत असल्यासारखा वास येतो. पण शेजारी जो नवा बंगला झालाय, त्याच्या कुंपणालगतचा पट्टा मात्र श्रावणात असावा तसा हिरवागार. लोंबीचं नाव नाही. माझ्या माहेरची ही उरलीसुरली शेती आता माझा भाचा दत्तू करतो. तो विळ्याच्या मुठीनं डोकं खाजवत म्हणाला, "आत्ती, बी त्येच, खत त्येच, पानी त्येच. ह्यो पट्टा निसवलाच न्हाई." निसवणं म्हणजे लोंबीनं भाताच्या ताटाच्या पोटातून बाहेर येणं. शहरातल्या नातवंडांसाठी सांगून ठेवते.

प्रोफेसरांनी काठी उचलून कुंपणावरच्या दिव्याकडे रोखली. पांढराशुभ्र, बशीएवढा एलईडी दिवा. सकाळ झाली तरी तो जळतच होता.

"हा रात्रभर चालू असतो?"

"असतो की, मामा. बिबट्याच्या भ्यानं."

"मग बरोबर आहे. रात्र मोठी व्हायला लागली हे भाताला कळावं लागतं. ते कळलं की ते निसवतं. ह्या पट्ट्याला अजून रात्र झालीच नाही." मग आवाज खाली आणून, जणू दिव्याला ऐकू जाईल या बेतानं म्हणाले, "दिवा मात्र फार चांगला आहे."

मी हसले. हसू नये तिथं हसण्याची माझी खोड जुनी आहे. हा दिवा ज्या जातीचा, त्या जातीच्या दिव्यांपायी या माणसानं आपले डोळे घालवले, बढत्या घालवल्या, आणि एका कार्तिकात तर माझ्याशी ठरलेलं लग्नही जवळपास घालवलं होतं. त्या दिव्याविरुद्ध पहिली तक्रार आली ती भाताकडून, आणि तीही माझ्या माहेरच्या. प्रोफेसर तिथून हलेनात. मग मीही बांधावर टेकले. कापलेल्या ताटांचा ओला वास येत होता. हा वास आला की मी अठरा वर्षांची होते आणि मला माझीच लाज वाटायला लागते.

आमच्या गावाचं दुखणं थोडक्यात सांगते. आमचं जुनं गाव आजोबांच्या काळात धरणाखाली गेलं. कडक उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की देवळाचा चौथरा वर यायचा, आणि म्हातारी माणसं काठावर उभी राहून आपापलं घर कुठं होतं ते बोटानं दाखवायची. धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून पलीकडे जायचं, घाटाखाली पडायचं, त्याची वीज व्हायची आणि ती वीज मुंबईला जायची. आम्ही तिचा तारेचा तुकडासुद्धा पाहिला नव्हता. माझे वडील, आबा, औत सोडून बांधावर बसले की पाण्याकडे बघून म्हणायचे, "पानी आपलं, पडतंय कोकनात, आन् उजाडतंय मुंबईत." एवढंच. मग तंबाखू मळायचे.

अशा माणसाला भुकूमच्या सोयऱ्यांनी निरोप पाठवला की पुण्याच्या कॉलेजात एक पोरगा आहे, शेतकरी घरचा, साताऱ्याकडचा, आणि तो विजेचा प्रोफेसर आहे. खरं तर तेव्हा ते नुसते लेक्चरर होते, पण सोयरीक जमवणारे लोक बढती आधीच देऊन टाकतात. मुलीचे बाप विचारतात तसं आबांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. जमीन किती, घर कुणाचं, भाऊ किती, काही नाही. "इजेचा मास्तर" एवढं ऐकून ते उठले आणि भुकूमला सोयऱ्यांच्या ओट्यावर सुपारी फोडून आले. गावात येऊन देवळासमोर सांगितलं, "औंदा जावई लाईट आनतोय." आता असा विचार करा, की एखाद्याची मुलगी वैद्याच्या घरी दिली म्हणून गावातली आजारपणं संपतील असं कुणी धरून चालेल का? पण आमचं अख्खं गाव धरून चाललं. त्यात मी सगळ्यात पुढे.

आबांनी पुण्याहून एक बल्ब आणला. गावात खांब नाही, तार नाही, आणि आमच्या माजघरात तुळईला सुतळीनं बांधलेला बल्ब. खंडेनवमीला विळे, कोयते, नांगराचा फाळ मांडले, तशी बल्बालाही हळद-कुंकू लागलं आणि झेंडूची माळ पडली. मी त्याच्यासाठी दोऱ्याचा झगा विणला, खाली लाल किनार. सातवी पास झालेली मी. आमच्या आळीत तेवढं शिकलेली मुलगी नव्हती, म्हणून मला वाटायचं तालुक्याच्या पौडपर्यंत नसेल. दुपारी घरात कुणी नसलं की मी त्या बल्बाखाली पाट टाकून बसायची, मान जराशी तिरकी करून. उजेड पडल्यावर आपण कशा दिसू याचा सराव. मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं की लग्नानंतर मी कंदिलाला हात लावणार नाही. आई दिवसभर शेतात, पण बनाआत्या, म्हणजे आबांची विधवा बहीण, आमच्याच घरी असायची. तिनं मला एकदा तशी बसलेली पाहिलं आणि म्हणाली, "इंदे, अंड्यावर बसल्यागत काय बसलीयास त्या काचंखाली?"

दिवाळीच्या सुट्टीत आबांनी त्यांना बोलावून घेतलं, खांब कुठं रोवायचा ते दाखवायला. कापणी चालू होती. खळं सारवून तयार होतं, पेंढ्या येऊन पडत होत्या. पौडपर्यंत एसटीनं आणि पुढे चालत आलेला तो माणूस मी दाराच्या फटीतून पाहिला. उंच, किडकिडीत, चष्म्यावर धूळ, हातात पत्र्याची पेटी. माझ्या मनात आलं, पेटीत वीज असणार. हसा. मीही हसते.

माजघरात आल्याबरोबर त्यांची नजर वर गेली. झग्यातला बल्ब, त्याच्यावर सुकलेली झेंडूची माळ. ते बराच वेळ बघत राहिले. गावातली सात-आठ माणसं दारात येऊन बसली होती.

"याला तार कुठून येते?" त्यांनी विचारलं.

आबा समजुतीनं हसले. "पाव्हनं, ती तुमीच आनायची न्हवं."

माझे प्रोफेसर तेव्हाही अवघड प्रसंगी चष्मा काढून पुसायचे, आजही पुसतात. चष्मा पुसून झाला, डोळ्यावर बसला, आणि ते म्हणाले, "आबा, माझ्याबद्दल तुमची काहीतरी गैरसमजूत झालीय. मी वीज आणत नाही. खांब, तारा, धरण यातलं मला काही करता येत नाही. मी काही पदार्थांचा अभ्यास करतो. त्यांच्यातून वीज धड वाहतही नाही आणि धड अडतही नाही."

दारातून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी आमच्या तलाठ्यागत." लोक हसले. आबा हसले नाहीत.

"आन् त्याचा उपेग काय?"

"त्यातल्या काही पदार्थांना टोचलं की ते उजेड देतात."

आबांचा चेहरा मी फटीतून बघत होते. देवळासमोर दिलेला शब्द त्या चेहऱ्यावरून उतरत होता. मला त्यांची कीव यायला हवी होती. पण मला आधी माझा विणलेला झगा आठवला आणि मी कुढले. अठराव्या वर्षी माणूस इतका कोता असतो, निदान मी होते.

"दाखवा," आबा म्हणाले.

"अंधार लागेल. घरात पूर्ण अंधाराची जागा आहे का?"

"पाव्हनं, अंधार सोडून ह्या गावात हाय काय?"

पण भर दुपार होती. कौलांच्या फटींतून उन्हाच्या कांड्या घरभर उभ्या होत्या, चुलीत निखारा होता. शेवटी आत्यालाच सुचलं. माजघराच्या कोपऱ्यात भात साठवायची बांबूची कणगी होती, माणसाच्या छातीपर्यंत उंच. जुनं भात संपलेलं, आतून शेण-मातीनं नव्यानं लिंपलेली, नव्या भाताची वाट बघत रिकामी. आमचे प्रोफेसर पाटावर चढले, पायजमा वर खोचला आणि पेटीसकट कणगीत उतरले. मुलगी बघायला आलेले किंवा बोलणी करायला आलेले पुष्कळ पाव्हणे त्या घरानं पाहिले असतील, पण धान्याच्या कणगीत उतरून बसलेला नवरदेव पहिलाच. वरून आबांनी आपली घोंगडी टाकली. एकेकानं पाटावर चढायचं, घोंगडीखाली डोकं घालायचं आणि आत बघायचं.

आधी बनाआत्या. डोकं आत घालून लगेच बाहेर काढलं. "म्येलेला काजवा बरा," ती म्हणाली आणि चुलीकडे निघून गेली. मग दारातले एकेक जण. कुणी "व्हय, हाय काय तरी" म्हणत खाली उतरलं, कुणी डोळे चोळत. मग आबा. ते फार वेळ घोंगडीखाली राहिले. बाहेर आले तेव्हा कपाळाला ओलं शेण लागलं होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"एवडंच?"

कणगीतून आवाज आला, "सध्या एवढंच."

मला कुणी बोलावलं नव्हतं. पण सगळे सुन्न होऊन बसले होते, त्याचा फायदा घेऊन मी पाटावर चढले. आत्यानं ते पाहिलं आणि धावत येऊन माझी वेणी धरली. लग्नाआधी पोरीनं नवऱ्याबरोबर एका कणगीत डोकं घालायचं म्हणजे मागं कुणाच्या तरी हातात दोरी हवी.

आत काळाकुट्ट अंधार, शेणाचा आणि जुन्या भुश्श्याचा वास. खाली कुठंतरी एक माणूस श्वास घेत होता. मग मला ते दिसलं. मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान, पिवळसर हिरवा ठिपका. त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं की हा काळा खडा आहे, तुमच्या विळ्यांना धार लावणाऱ्याच्या चाकात असतो त्याच जातीचा, आणि त्याला एका सुईनं टोचून बॅटरीचे सेल जोडलेत. सुई त्यांनी बोटांनी धरली होती, बोट थरथरलं की ठिपका विझायचा, परत यायचा.

"हात लावून बघा," ते म्हणाले. "भाजणार नाही."

मी हात खाली घातला. वेणीला मागून हिसका बसला. बोट ठिपक्याजवळ नेलं, मग ठिपक्यावर. उजेड माझ्या नखावर आला. काही लागलं नाही. ऊब सुद्धा नाही.

हे आज कुणाला सांगितलं तर त्यात काय मोठं असं वाटेल. पण मी जन्मल्यापासून जो जो उजेड पाहिला होता, तो कशाला तरी जाळून आलेला होता. चूल लाकडं जाळायची, कंदील रॉकेल जाळायचा, समई तेल, वैशाखात रोपांसाठी जमीन भाजायची, त्या राबात पालापाचोळा, स्मशानात माणसं. उजेड म्हणजे काहीतरी संपत चाललंय. आणि इथं कणगीच्या तळाशी एक दगड, काहीही न जळता, धूर नाही, राख नाही, आपला चमकत होता. मी घोंगडीतून डोकं बाहेर काढलं आणि आत्या म्हणाली, "भूत बगितल्यागत काय करतीयास?" मला बोलता आलं नाही. माझ्या बाबतीत हे इतकं दुर्मीळ आहे की आत्या घाबरली.

मागच्या वर्षी आमच्या पणतूला कुणीतरी बूट आणले. पाऊल टाकलं की टाचेत लाल दिवे लुकलुकतात. पोरगं हॉलभर धावत होतं आणि प्रोफेसर त्याच्या मागे काठी टेकत, "थांब, थांब, मला बघू दे." शेवटी त्याला मांडीवर आडवं घेऊन बूट नाकाशी धरला. बराच वेळ टाचेवर चापट्या मारून दिवे पेटवत बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "इंदू, हे टाचेखाली ठेवतात आता." राग नव्हता त्यात. चकित झाले होते. त्यांच्या डोळ्यांत मी ते अधूनमधून बघते, आणि बघितलं की मला कणगीचा वास येतो.

तर आबा. आबांनी कपाळावरचं शेण पुसलं आणि अट घातली. भुकूमच्या सोयऱ्यांचा वीज खात्यात एक वरचा साहेब ओळखीचा होता. तिथं नोकरी मिळत होती. "ती धरा," आबा म्हणाले. "ह्यो दगूड सोडा. गावात खांब आना. मंग लगीन. न्हाई तर सुपारी परत." बोलताना त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

पाव्हण्यांनी उद्या सांगतो म्हटलं आणि ते ओसरीवर झोपले. मला आत झोप लागली नाही. मला काय हवं होतं ते मी प्रामाणिकपणे सांगते. मला दोन्ही हवं होतं. बल्बही हवा होता आणि तो ठिपकाही. शिवाय बल्बाखाली बसून मान तिरकी करायची होती.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर झोडणी चालली होती. फळीवर पेंढी आपटायची, भात खाली झडायचं, पेंढा बाजूला. त्या आवाजाला एक ताल असतो, चार माणसं आपटत असली की शिवार श्वास घेतंय असं वाटतं. मी आणि आत्या भात लोटत होतो. ते पेटी घेऊन आले, निघायच्या तयारीनं, आणि आबांसमोर उभे राहिले.

"आबा, मी ती नोकरी धरणार नाही. हे काम मला सोडता यायचं नाही. तुमचा शब्द गेला याचं मला वाईट वाटतं. पण सुपारी परत करायच्या आधी एक सांगा. त्यांना कुणी विचारलंय का?"

"कुनाला?" आबा म्हणाले.

"त्यांना." आणि या गृहस्थांनी सरळ माझ्याकडे हात केला.

झोडणी थांबली. कुणाची पेंढी वर होती ती वरच राहिली. मुलीला काय विचारायचं असतं हेच तिथं कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी आत्याकडे बघितलं, आत्या खराट्याकडे बघत होती. आमच्या घरात मला आजवर विचारलेले प्रश्न म्हणजे पाणी भरलं का, शेळी बांधली का. त्या दिवशी आमच्या ढवळ्या बैलानं जरी मला 'तुमचं मत काय' असं विचारलं असतं, तरी मी त्याच्या गळ्यात माळ घातली असती. पण माझ्यातली सातवी पास जागी होती. मी आधी चौकशी केली.

"त्यो उजेड मोटा व्हईल का?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"कवा व्हईल?"

"माहीत नाही. कदाचित मी असेपर्यंत होणार नाही."

"तुमीच कराल का दुसरं कुनी?"

"बहुतेक दुसरं कुणी."

लग्न जमवताना लोक किती खोटं बोलतात हे मी ऐकून होते. पोराचं वय, जमिनीचा तुकडा, पगार, सगळ्यात भर घालतात. आणि हा माणूस लग्न मोडायच्या काठावर उभा राहून, एका तरी प्रश्नाला होय म्हणायचं, तर एकालाही म्हणत नव्हता. मला त्या कणगीतल्या ठिपक्याचा जेवढा धक्का बसला होता, तेवढाच याचा बसला. मी खराटा खाली टाकला.

"आबा, मी ह्यांच्याशीच लगीन करीन. लाईट तुमची तुमी आना."

माझ्या तोंडून हे बाहेर पडलं यावर माझाही विश्वास बसेना. आत्या मटकन भाताच्या राशीवर बसली. आबांनी मला मारलं असतं तर त्या काळात कुणाला वावगं वाटलं नसतं. ते माझ्याकडे बघत राहिले, जणू ही कुणाची पोर. मग त्यांनी एक पेंढी उचलली, फळीवर आपटली, परत आपटली. त्यातलं भात कधीच झडलं होतं.

"घिऊन जा," ते पाव्हण्यांना म्हणाले. "पर ह्या घरात त्या उजेडाचं नाव काडायचं न्हाई. आन् जावई म्हनायचं का न्हाई, ते माझं मी बगीन."

त्या मार्गशीर्षात लग्न झालं. आबांनी सगळं रीतसर केलं, कुठं कमी पडू दिलं नाही. पण त्यानंतर किती वर्षं त्यांनी यांना "पाव्हनं" म्हणूनच हाक मारली. "पाव्हनं, जेवा." "पाव्हनं, झोपा." माहेरी गेले की मी कान देऊन बसायची, आज तरी तोंडातून जावई निघतंय का. नाही निघायचं. प्रोफेसरांनीही कबूल केलेलं पाळलं. सासऱ्याच्या घरात त्यांनी उजेडाचा शब्द काढला नाही. गायी, भात, पाऊस यावर बोलायचे, आणि शेतकऱ्याच्या घरी जन्मूनही त्यातलं त्यांना काही कळायचं नाही.

पुण्यातला संसार म्हणजे दोन खोल्या आणि एक बल्ब. तो मी पहिल्या दिवशी पंचवीस वेळा लावला-विझवला असेल, मग घरमालकीण वर आली. मला वाटायचं नवरा कॉलेजात दिवे करतो. एकदा डबा द्यायला गेले तर ते एका काचेच्या नळीशी वाकलेले, नळी भट्टीत लाल झालेली. मी विचारलं काय शिजतंय. म्हणाले, सोमल. आमच्याकडे सोमल म्हणजे ज्यानं माणसं मरतात, ज्याचं नाव भांडणातसुद्धा घेत नाहीत. माझा नवरा सोमल शिजवतो. डबा माझ्या हातातून पडला. मग त्यांनी समजावलं की सोमल आणि आणखी दोन-तीन पदार्थ बेतानं एकत्र आणले तर जो खडा बनतो, त्याच्यातून लाल उजेड काढता येईल अशी आशा आहे. मला आशा वगैरे काही ऐकू आलं नाही. त्यानंतर कित्येक वर्षं मी त्यांना साबणानं हात धुतल्याशिवाय मुलांना हात लावू दिला नाही. माहेरी हे कुणाला सांगितलं नाही. नाव काढायचं नाही या अटीचा मला तेवढा एक उपयोग झाला.

आणि एक संध्याकाळ. ते घरी आले आणि बूट न काढता पलंगावर बसले. मला वाटलं साताऱ्याची तार आली, कुणी गेलं. "कुणीतरी केलं," ते म्हणाले. कुठल्या तरी परदेशी मासिकात वाचलं होतं. लाल उजेड, डोळ्यांना दिसेल असा. मी आधी त्या परक्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग बघते तर हे रडत नव्हते, हसतही नव्हते. नुसते बसले होते, कपाळावर आठ्या नाहीत, तोंड किंचित उघडं. "होतं तर," एवढंच म्हणाले. "इंदू, होतं तर." होईल की नाही हे माहीत नसताना इतकी वर्षं नळीत सोमल शिजवणाऱ्या माणसाला, होतं हे कळणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं नाही. मी चहा केला आणि साखर दोनदा घातली.

मग त्यांनीही केला. मागून, चार वर्षांनी की पाच, मला आता आठवत नाही. कॉलेजातली भट्टी अपुरी पडायची म्हणून मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जाऊन राहायचे. एक लाल दाणा तयार झाला. जगात तोवर असे बरेच झाले होते. पण हा त्यांचा होता, आणि त्यांनी तो माचिसच्या डबीत कापसावर ठेवला होता.

इकडे आबांनी लाईट आणायचं मनावर घेतलं होतं. दर बाजाराच्या दिवशी पौडला जायचं, कचेरीच्या पायरीवर फडक्यातली भाकरी सोडायची आणि जो साहेब दिसेल त्याला सांगायचं, पाणी आमचं आहे. साहेब बदलले, आबा बदलले नाहीत. पोरीनं चारचौघांत "तुमची तुमी आना" म्हटलं, ते त्यांना लागलं होतं. मला त्याची लाज वाटायला हवी, पण गावात आले ते खांब त्या लाजेवर रोवलेत, म्हणून मी ती फारशी वाटून घेत नाही. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. उरवड्याच्या बाजूनं खांब यायला लागले, आबांनी स्वतःच्या हातानं खड्डे खणले, उभ्या पिकातून तार ओढली. तेव्हाही कार्तिक होता. आम्हाला निरोप आला, या.

दिवेलागणीला सगळं गाव आमच्या माजघरात. आबांनी बटण दाबलं.

मला वाटलं होतं लोक आरडाओरडा करतील. कुणी केला नाही. त्या उजेडात आम्हाला आमचं घर पहिल्यांदा दिसलं. तुळयांवरची काजळी, भिंतीवरचे हात पुसलेले डाग, पत्र्याच्या डब्यांचा गंज. माझ्या आईच्या तोंडावर इतक्या सुरकुत्या आहेत हे मला माहीतच नव्हतं, मी कंदिलात पाहिलेली आई कितीतरी तरुण होती. आईनंही माझ्याकडे तसंच बघितलं. बनाआत्या म्हणाली, "अगं बया, किती घान घर हे," आणि फडकं शोधायला लागली.

प्रोफेसर कोपऱ्यात बसले होते, भिंतीला पाठ लावून. शर्टाच्या खिशात ती डबी होती. ती आणलीय हे मला माहीत होतं, आणि ते तिच्याबद्दल अवाक्षर काढणार नाहीत हेही माहीत होतं. लोक आबांच्या पाया पडत होते. देवळासमोर दिलेला शब्द एवढ्या वर्षांनी पुरा झाला होता, आणि जावयाशिवाय. आता आबा काहीतरी टोचून बोलणार म्हणून मी पदर आवळून बसले.

आबा माणसांतून वाट काढत कोपऱ्याकडे आले. यांच्या समोर उकिडवे बसले.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमचं कुटवर आलंय?"

प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग परत काढला. खिशातून डबी आणि बारकी बॅटरी काढली, तार जोडायला घेतली आणि वर बल्बाकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "आबा, या उजेडात ते दिसायचं नाही."

आबा उठले. सरळ बटणापाशी गेले आणि ज्या लाईटीसाठी इतकी वर्षं पायऱ्या झिजवल्या, ती त्यांनी बंद केली. गावाच्या पोटातून एक आवाज निघाला. "आबा, आत्ता कुटं आली," कुणीतरी अंधारात कळवळून म्हणालं. आबांनी त्याला गप बस म्हटलं, आणि चाचपडत येऊन परत बसले.

लाल दाणा लागला. डाळिंबाच्या दाण्यासारखा, स्थिर, न थरथरता. त्यात आबांची दाढी थोडी लाल दिसत होती. ते वाकून वाकून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, आणि इतक्या हळू विचारलं की ते फक्त आम्हा दोघांना ऐकू गेलं:

"ह्यो तरी हितंच ऱ्हाईल न्हवं? का ह्यो बी मुंबईला?"

"माहीत नाही, आबा."

आबांनी मान हलवली. बराच वेळ ते बटण दाबायला उठले नाहीत.